स्वस्त आयातीमुळे कंपनी बंद पडली, तर कामगाराला सरकारकडून काय मिळतं?

शिफ्ट बदलायच्या वेळेला करमाडला जालना रोडवर उभं राहून बघा. कंपन्यांच्या बसेस, पाठीला डब्याची बॅग लावून निघालेली पोरं, गळ्यात आयकार्ड, आणि रस्त्याच्या कडेला ठेकेदाराच्या गाडीची वाट बघणारे घोळके. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २० किलोमीटरवरचं हे गाव. शेजारी शेंद्रा एमआयडीसी आणि तिला लागून ऑरिक. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवरचं हे औद्योगिक शहर. कंपनी आली की बातमी होते, गुंतवणूक किती, रोजगार किती, याचे आकडे येतात.

पण उलटं झालं तर? बाहेरच्या देशातून स्वस्त माल आला, इथल्या कंपनीची ऑर्डर तुटली आणि 'उद्यापासून येऊ नका' असा निरोप आला, तर त्या पोराला सरकार नेमकं काय देतं?

थोडक्यात उत्तर असं आहे की, आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारांसाठी भारतात वेगळी योजना नाही. ज्या योजना आहेत त्या बऱ्यापैकी कामाच्या आहेत. पण त्या मिळणार की नाही हे एका छोट्या गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे तुमच्या कागदावर 'नोकरी सोडण्याचं कारण' काय लिहिलंय. कसं, ते सविस्तर बघू.

आधी व्हिडिओकॉनचं उदाहरण

संभाजीनगरकरांना हे नाव वेगळं सांगायला नको. ऐंशीच्या दशकात मराठवाड्यातून उभी राहिलेली आणि देशभरात घराघरात टीव्ही पोहोचवणारी ही कंपनी. पैठण रोडवर चितेगावला तिचा मोठा प्लांट.

या धंद्याला आयातीचा पहिला मोठा झटका टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये बसला. भारत आणि थायलंडने सप्टेंबर २००४ पासून ८२ वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करायला घेतलं आणि १ सप्टेंबर २००६ पासून ते शून्यावर आणलं. या ८२ वस्तूंच्या यादीत रंगीत टीव्हीची पिक्चर ट्यूबही होती. त्यानंतर बाजारच बदलला. डब्बा टीव्ही जाऊन एलसीडी, एलईडी आले. त्यांचा सगळ्यात महागडा भाग म्हणजे पॅनल, आणि ते चीन, कोरिया, तैवानमधून यायचं.

आता सगळा दोष आयातीवर टाकणं चूक ठरेल. व्हिडिओकॉनने टेलिकॉममध्ये उडी घेतली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने जे १२२ टूजी परवाने रद्द केले, त्यात या समूहाचेही परवाने होते. डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. शेवटी जून २०१८ मध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीजचं प्रकरण दिवाळखोरी प्रक्रियेसाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत, दाखल झालं.

तिथला हिशोब डोळे उघडणारा आहे. देणेकऱ्यांचे मान्य झालेले दावे होते ६४ हजार कोटींच्या वर. जून २०२१ मध्ये एनसीएलटीने जो प्रस्ताव मंजूर केला, त्याची किंमत होती २,९६२ कोटी रुपये. रुपयाला पाच पैसेही नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ही मंजुरीही रद्द झाली.

दिवाळखोरी कायद्यात कामगारांना जागा चांगली दिली आहे. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर कामगारांचा मागच्या २४ महिन्यांचा थकीत पगार तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने धरला जातो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची रक्कम तर वाटपाच्या बाहेर, वेगळी ठेवली जाते. पण मुळात हातात येणारी रक्कमच तुटपुंजी असेल तर? पंगतीत पहिला पाट मिळाला, पण वाढायलाच काही उरलं नाही, अशी गत होते. शिवाय वर्षानुवर्षं केस चालते ती वेगळीच. घरभाडं आणि पोरांची फी तेवढी थांबत नाही.

त्याच कंपनीचा इटलीतला कारखाना

या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. त्यात इटलीतल्या अनान्यी गावचा कारखानाही आला. पुढे हा कारखाना 'व्हीडीसी टेक्नॉलॉजीज' या नावाने ओळखला जायला लागला आणि तोही बुडाला. कारण तेच. टीव्हीचं उत्पादन आशियात गेलं होतं.

पण तिथे पुढे काय झालं बघा. २०१२ मध्ये इटली सरकारने युरोपीय संघाच्या 'जागतिकीकरण समायोजन निधी'कडे अर्ज केला. या कारखान्यातल्या आणि त्याच्या पुरवठादाराकडच्या मिळून ११०० हून अधिक कामगारांसाठी सुमारे ३० लाख युरोंची मदत मंजूर झाली. हा निधी कंपनीला एक पैसाही देत नाही. नवीन काम शिकवणं, नोकरी शोधून देणं, स्वतःचा छोटा व्यवसाय सुरू करायला हात देणं, यासाठी तो असतो.

रक्कम फार मोठी नव्हती, माणशी साधारण अडीच हजार युरो. ती मिळून सगळ्यांचं भलं झालं असंही नाही. पण एक गोष्ट मान्य झाली होती, की जगाच्या व्यापारात बदल झाला, त्याचा फायदा सगळ्या समाजाने घेतला आणि नुकसान या ११०० घरांनी सोसलं, म्हणून यांचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा. चितेगावच्या कामगारासाठी असा अर्ज करायची सोय आपल्या कायद्यातच नव्हती आणि आजही नाही.

अमेरिकेत तर ही कल्पना १९६२ पासून होती. तिथे तीन कामगार एकत्र येऊन अर्ज करू शकायचे, की 'आमची नोकरी आयातीमुळे गेली'. चौकशीत ते खरं ठरलं तर प्रशिक्षण आणि प्रशिक्षणाच्या काळात भत्ता. ३० जून २०२२ नंतर ही योजनाही नव्या कामगारांसाठी बंद पडली, कारण तिथल्या संसदेने मुदतवाढच दिली नाही. म्हणजे परदेशातही सगळं आलबेल आहे असं नाही.

मग आयातीविरुद्ध आपलं सरकार काय करतं?

आपल्याकडे उत्तर एकच असतं, ते म्हणजे आयात शुल्क. एखाद्या देशातून माल फारच स्वस्तात येतोय असं वाटलं की इथले उत्पादक व्यापार उपाय महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीटीआरकडे, अर्ज करतात. चौकशी होते आणि अँटी-डम्पिंग किंवा सेफगार्ड शुल्काची शिफारस होते. ताजं उदाहरण स्टीलचं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने पोलादाच्या काही सपाट उत्पादनांवर २०० दिवसांसाठी १२ टक्के सेफगार्ड शुल्क लावलं.

या चौकशीत उद्योगाचं नुकसान झालं की नाही हे ठरवताना जे मुद्दे तपासले जातात, त्यात रोजगार आणि मजुरी यांचाही समावेश आहे. म्हणजे कामगार कमी झाले, हा शुल्क मिळवण्यासाठीचा पुरावा ठरू शकतो. पण शुल्क लागल्यावर कंपनीला दिलासा मिळतो, शुल्काचा पैसा सरकारी तिजोरीत जातो आणि ज्याची नोकरी पुरावा म्हणून मोजली, त्याच्यासाठी या व्यवस्थेत काहीच राखलेलं नाही. कंपनी सावरली तर त्याला परत बोलवायची अटही नाही.

कामगाराच्या हक्काचं काय आहे?

आता मुद्द्याचं. नोकरी आयातीमुळे जावो की आणखी कशाने, सध्या चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

१. कपातीची भरपाई. कामगार कपात झाली, तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कंपनी बंद झाली तरी हाच नियम. आणि हे नीट लक्षात ठेवा, 'तोटा झाला', 'माल पडून राहिला' ही कारणं सांगून मालकाला ही भरपाई कमी करता येत नाही. जुन्या कायद्यात हे स्पष्ट होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. मात्र याच संहितेने एक बाजू सैल केली. आधी १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला कपातीसाठी किंवा बंद करण्यासाठी सरकारची परवानगी लागायची. आता ही मर्यादा ३०० झाली आहे.

२. पुनर्कौशल्य निधी. हा नव्या संहितेतला नवा प्रकार. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम या निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवी. नाव मोठं आहे, पण पंधरा दिवसांच्या पगारात कुठलं नवीन कौशल्य शिकून होतं, हा प्रश्न आहेच.

३. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. ईएसआय महामंडळाची ही योजना १ एप्रिल २००५ पासून आहे. कारखाना बंद झाला किंवा कपात झाली, तर ठराविक काळ ईएसआयचं योगदान भरलेल्या कामगाराला जास्तीत जास्त २४ महिने बेरोजगारी भत्ता मिळतो. पहिले १२ महिने सरासरी पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. सोबत या काळात स्वतःवर आणि कुटुंबावर ईएसआयच्या दवाखान्यात उपचार.

४. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. हीदेखील ईएसआयचीच, २०१८ पासूनची. यात जास्तीत जास्त ९० दिवसांचा भत्ता मिळतो, तोही आयुष्यात एकदाच. आधी दर २५ टक्के होता, करोनाच्या काळात २४ मार्च २०२० पासून तो ५० टक्के केला. यात मालकाच्या सहीवर अडून राहावं लागत नाही, कामगार स्वतः दावा करू शकतो. योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळते, त्यामुळे अर्ज करण्याआधी चालू मुदत आणि अटी तपासून घ्या.

पीएफ आणि ग्रॅच्युइटी या यादीत नाही, कारण ती मदत नाही. ते तुमचेच कमावलेले पैसे आहेत. खरं तर ईएसआयसुद्धा फुकट नाही. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो.

एका शब्दाची किंमत दोन लाख

समजा, करमाडचा एक तिशीतला कामगार आहे. एका सुट्या भागांच्या कंपनीत ८ वर्षं नोकरी, पगार १५ हजार, ईएसआय चालू. मोठ्या कंपनीने तो पार्ट बाहेरून मागवायला सुरुवात केली आणि याची नोकरी गेली.

कागदावर 'कपात' असं लिहिलं असेल, तर ढोबळ हिशोब असा:

– कपातीची भरपाई: ७,५०० गुणिले ८, म्हणजे ६०,००० रुपये
– पुनर्कौशल्य निधी: ७,५०० रुपये
– राजीव गांधी योजनेतून पहिल्या वर्षी दरमहा ७,५०० प्रमाणे ९०,००० आणि दुसऱ्या वर्षी दरमहा ३,७५० प्रमाणे ४५,००० रुपये (दुसरी नोकरी लागली की भत्ता थांबतो)

एकूण २ लाख २ हजार ५०० रुपये, वर दोन वर्षं घरच्यांचा दवाखाना.

आता त्याच माणसाकडून 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे' अशा दोन ओळींवर सही घेतली असेल, तर? वरच्या तिन्ही ओळींसमोर शून्य. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरी राजीव गांधी योजनेचा आणि अटल योजनेचाही दरवाजा बंद होतो, कारण दोन्हींत स्वेच्छानिवृत्ती बसत नाही.

म्हणून ज्याला आपण 'फुल अँड फायनल' म्हणतो, तो फक्त हिशोबाचा कागद नसतो. एचआरच्या केबिनमध्ये 'सही केली तर चेक आजच मिळेल' असं कुणी म्हणालं, की आधी ती ओळ वाचायची. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम चांगली असेल तर ती घेणं शहाणपणाचंही ठरू शकतं. पण आपण काय सोडतोय हे आकड्यात माहीत पाहिजे.

कोण बाहेर राहतं?

वरचं उदाहरण तसं सोपं होतं. प्रत्यक्षात औद्योगिक पट्ट्यातली बरीच माणसं या चौकटीत नीट बसतच नाहीत.

पहिला गट म्हणजे ज्यांचा पगार महिन्याला २१ हजारांच्या वर आहे ते. ईएसआयची ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून बदललेली नाही. मधल्या काळात पगार वाढले आणि जुना, पर्मनंट, अनुभवी कामगार आपोआप ईएसआयच्या बाहेर गेला. चाळिशी ओलांडलेला, घराचे हप्ते चालू असलेला माणूस. नवीन नोकरी मिळायला सगळ्यात अवघड त्याला, आणि बेरोजगारी भत्ता नाही तो त्यालाच.

दुसरा गट ठेकेदाराकडच्या कामगारांचा. काम एकाच गेटच्या आत पाच वर्षं, पण कागदावर तीन ठेकेदार. दर वेळी नोकरी नवीन, म्हणून सेवेची वर्षं जुळत नाहीत. ऑर्डर कमी झाली की कंपनी ठेकेदाराला सांगते, ठेकेदार पोरांना सांगतो. कपातीची नोटीस निघतच नाही. ठराविक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांचंही तेच. मुदत संपून नोकरी गेली तर कायद्याच्या भाषेत ती कपात धरली जात नाही.

तिसरा गट छोट्या वर्कशॉपचा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर ईएसआय सहसा लागूच होत नाही. आणि आयातीचा फटका आधी बसतो तो इथेच. मोठी कंपनी चालूच असते, फक्त तिने एक पार्ट बाहेरून मागवायला सुरुवात केलेली असते. बातमी होत नाही, मोर्चा निघत नाही, शटर खाली येतं एवढंच.

आणि चौथा गट परराज्यातल्या मजुरांचा. करमाडचं नाव अख्ख्या देशाने ऐकलं ते ८ मे २०२० च्या पहाटे. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर रुळाच्या कडेने गावाकडे चालत निघाले होते. थकून करमाडजवळ रुळावरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. तेव्हा कारण आयात नव्हतं, लॉकडाऊन होतं. पण काम थांबल्यावर माणसाला जिथे आहे तिथे दोन महिने तग धरता येईल अशी व्यवस्था नसली की काय होतं, हे याच गावाच्या शिवारात दिसलं.

सरकारला हे जमत नाही का?

जमतं, आणि आधी केलेलंही आहे. कापड गिरण्या बंद पडायला लागल्यावर केंद्राने १९८६ मध्ये वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना आणली. बंद गिरणीच्या पात्र कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के. १ एप्रिल २०१७ पासून ही योजना राजीव गांधी योजनेत विलीन केली. १९९२ मध्ये उदारीकरणाचा फटका बसणाऱ्या कामगारांसाठी राष्ट्रीय नूतनीकरण निधी उभारला होता. पण त्यातला बहुतेक पैसा सरकारी कंपन्यांमधल्या स्वेच्छानिवृत्तीवरच खर्च झाला, नवीन काम शिकवण्यावर नाही.

आत्ताच हा विषय का?

कारण आपण धडाधड व्यापार करार करतोय. २४ जुलै २०२५ ला ब्रिटनसोबतच्या करारावर सह्या झाल्या. त्यात ठराविक कोट्यातल्या गाड्यांवरचं शुल्क १०० टक्क्यांहून जास्त असलेलं १० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे. युरोपीय संघाबरोबरच्या वाटाघाटीतही गाड्यांवरचं शुल्क हाच मोठा मुद्दा होता. इकडे शेंद्र्यात स्कोडाचा प्लांट २००१ पासून आहे आणि बाहेरून आलेल्या किटमधून महागड्या गाड्या जुळवणं हे तिथलं ओळखीचं काम. तयार गाडीवरचा कर जास्त आणि सुट्या किटवरचा कमी, या फरकावर असं जुळणीचं काम उभं असतं. तो फरक कमी झाला की गणित बदलतं.

याचा अर्थ शेंद्र्यातलं काम उद्या बंद होणार असा अजिबात नाही. करारांमुळे निर्यातीच्या ऑर्डरही येतील, नव्या कंपन्याही येतील. बिडकीनकडे ते दिसतंच आहे. पण जिथे नोकरी तयार होते तिथेच, त्याच माणसाला ती मिळेल असं नसतं. जुळणी लाइनवर १५ वर्षं काढलेल्या माणसाला बॅटरी प्लांटमध्ये घ्यायचं तर मध्ये सहा महिने शिकणं आहे, आणि त्या सहा महिन्यांत घर चालवणं आहे. तो पूल आपल्याकडे बांधलेला नाही.

बांधायचा तर फार क्रांतिकारी काही लागणार नाही. अँटी-डम्पिंग आणि सेफगार्ड शुल्कातला ठरावीक हिस्सा प्रभावित कामगारांसाठी बाजूला काढता येईल. २१ हजारांची मर्यादा वाढवता येईल. ईएसआयच्या नोंदीत मालकाने 'नोकरी सोडली' असं टाकलं, तर कामगाराच्या मोबाईलवर मेसेज येऊन त्याची खात्री झाल्याशिवाय ते पक्कं होऊ नये, एवढं तरी करता येईल. बँक दहा रुपये कापले तरी मेसेज पाठवते.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

– ईएसआयचा विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन स्वतःकडे ठेवा. दर महिन्याला दोन्हीत भरणा होतोय का, ते ऑनलाइन बघा.
– पगाराच्या स्लिपा, आयकार्ड, नियुक्तीपत्र यांचे फोटो काढून ठेवा. ठेकेदार बदलला तर जुन्याचे कागद फेकू नका.
– कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या राजीनाम्यावर सही करू नका. वेळ मागून घ्या, फोटो काढा, कुणाला तरी दाखवा.
– नोकरी गेल्यावर कारण लेखी मागा. मिळत नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार देऊन पोच घ्या.
– ईएसआयच्या शाखा कार्यालयात लवकर जा. दोन्ही योजनांची नावं घेऊन विचारा. नाव माहीत असलं की 'असं काही नसतं' हे उत्तर मिळत नाही.

करमाडच्या चौकात उद्याही बस येईल आणि पोरं चढतील. त्यातल्या प्रत्येकाला आपला पगार पाठ असतो, ओव्हरटाइमचा रेट पाठ असतो. त्यासोबत ही एक ओळही पाठ असू द्या: 'सोडण्याचं कारण' या रकान्यात काय लिहिलंय, ते वाचल्याशिवाय सही नाही.